शिंदीचा क्रूस

प्रेमलताबाई आयुष्यात फारशा खोटं बोलल्या नव्हत्या. सरकारी दवाखान्यात नर्स असताना सुई टोचण्याआधी "काही दुखत नाही" म्हणायच्या, तेवढंच. आणि ते नोकरीत धरायला हवं. त्यामुळे निवृत्तीनंतर, साठी उलटून गेल्यावर, सौसरला म्हाताऱ्या शांताबाईंच्या खाटेशी बसून त्या जे धडधडीत खोटं बोलल्या, ते त्यांना पचलं नाही. शनिवारी बोलल्या आणि बुधवारपर्यंत ते पोटात दगडासारखं पडून राहिलं.

कारण होतं शिंदीचं एक वाळकं पान.

पांढुर्णा, सौसर, तिगाव, सगळं धरून कॅथलिक घरं बोटांवर मोजता येतील एवढीच. कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात, कुणी शाळामास्तर. तिगावात वामनचं एक घर संत्र्याच्या बागेवर. पण रीतीभातींच्या बाबतीत ही थोडकी मंडळी मोठ्या शहरातल्या चर्चलाही ऐकायची नाहीत. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, फादर हिरव्या पानांना आशीर्वाद देऊन ती वाटायचे. कोकणात त्यासाठी माडाची झावळी मिळते. इथे माड कुठून आणायचा? इथे नाल्याकाठची शिंदी. शिंदी म्हटलं की बाकी गावाला वेगळंच काही आठवतं, पण ते असो. त्या पात्याची घडी घालून छोटा क्रूस करायचा, घरातल्या येशूच्या तसबिरीमागे खोचायचा आणि वर्षभर तिथे राहू द्यायचा. पुढल्या वर्षी चाळीस दिवसांचे उपवास सुरू होण्याआधी तेच वाळके क्रूस घरोघरून गोळा करायचे, जाळायचे, आणि राखेच्या बुधवारी ती राख सगळ्यांच्या कपाळाला लागायची. प्रत्येक घरचं थोडं थोडं प्रत्येकाच्या कपाळावर, असा हिशेब.

हे काम दादारावांचं. दादाराव म्हणजे प्रेमलताबाईंचे यजमान. रेल्वेत रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत आयुष्य गेलं, आणि सुट्टीच्या दिवशी प्रार्थनेत. फादर महिन्यातून दोनदा यायचे. बाकीच्या रविवारी स्टेशनपलीकडच्या छोट्या प्रार्थनाघरात सगळ्यांना जमवायचं, वाचायचं, गायचं, ते दादाराव करायचे. शिंदीची पानं तेच तोडून आणत, क्रूसाची घडी घालायला तेच शिकवत, राखही तेच करत. "पांढुर्ण्याची राख पांढुर्ण्यातच होईन," असा त्यांचा बाणा होता. बाहेरून आणलेली राख म्हणजे त्यांच्या मते हॉटेलातून आणलेली पुरणपोळी.

गेल्या पावसाळ्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरणाऱ्या गोटमार जत्रेच्या आदल्या आठवड्यात, दादाराव गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, उठलेच नाहीत.

तेव्हापासून प्रेमलताबाईंची प्रार्थना अर्धी झाली होती. हे शब्दशः घ्यायचं. रोज संध्याकाळी दोघं माळ म्हणायला बसत. माळेतल्या प्रत्येक मण्याची प्रार्थना दोन भागांत असते. पहिला भाग दादाराव म्हणायचे, दुसरा ह्या. इतकी वर्षं ह्यांच्या तोंडी दुसराच भाग बसलेला. आता त्या एकट्या बसायच्या, मणी धरायच्या, दादारावांचा भाग म्हणून होईल एवढा वेळ गप्प राहायच्या आणि मग आपला भाग म्हणायच्या. पहिला भाग येत नव्हता असं नाही. पण तो आपण म्हटला की त्यांची जागा कायमची भरली, असं त्यांना वाटे.

शेजारीण जयवंताला भिंतीपलीकडून हे सगळं ऐकू यायचं. दोन्ही घरांची भिंत एक, ओटा एक. तिनं एकदा विचारलंही, "नर्सबाई, तुम्ही देवाचं नाव घेता घेता मधातच काहून थांबता? डोळा लागते का?" प्रेमलताबाई हसल्या आणि विषय बदलला.

तर असं सगळं असताना राखेचा बुधवार जवळ आला, आणि राखेचं काम कुणी न सांगता त्यांच्याकडे आलं. दुसरं करणार कोण होतं? त्यांनी कापडी थैली घेतली आणि घरोघरी जाऊन वाळके क्रूस जमवले. पांढुर्ण्यातले झाले, तिगावच्या वामनचा झाला. त्यानं तो बागेत संत्र्याच्या झाडाला बांधून ठेवला होता, बहार चांगला यावा म्हणून. दादाराव असते तर त्याला तासभर धर्म शिकवला असता. प्रेमलताबाईंनी नुसता सोडवून घेतला.

फक्त आपल्या घरचा तेवढा घेतला नाही.

तो क्रूस गेल्या झावळ्यांच्या रविवारी दादारावांनी शेवटी घडवलेला. इतरांना पानं वाटून झाल्यावर घरासाठी निवांत बसून केला होता. मधोमध बारीक गाठ, चारही टोकं आत मुडपलेली. त्यांच्या हातानं केलेली घरात ही एकच शेवटची वस्तू. बाकी चष्मा होता, चप्पल होती, पण ती विकतची. प्रेमलताबाईंनी तसबिरीमागून तो काढला, थैलीपर्यंत नेला, आणि तिथून वळून पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून दिला. वर पेटीला कुलूप घातलं. चोरी आपल्याच घरात करावी तशी ही गत.

शनिवारी त्या सौसरला गेल्या. जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी बस गच्च भरली होती. ते उतरल्यावर कुठे बसायला जागा मिळाली. सौसरात शांताबाई राहायच्या. ऐंशी पार केलेल्या, दोन वर्षांपासून खाटेवर. दादारावांच्या बाप्तिस्म्याला त्यांना हातात धरून उभ्या राहिलेल्या त्यांच्या धर्ममाता त्या. प्रार्थना म्हणायला दादाराव त्यांच्याच मांडीवर शिकलेले. त्याच दादारावांच्या मातीला त्यांना पांढुर्ण्याला आणता आलं नव्हतं.

"झावळी न्यायले आली न तू?" शांताबाई म्हणाल्या. "घे, थे पाय, फोटोच्या मांगं हाय. राख कोण करून राहिलं यंदा?"

"मीच करतो, मावशी."

"बरं हाय. त्याची रीत माहीत हाय न तुले? आच कमी ठेवजो. उघडी जाळली का पांढरी पडते." मग त्यांनी थैलीकडे बोट केलं. "तुह्या घरची घातली का याच्यात? दादारावनं केलेली?"

प्रेमलताबाईंच्या तोंडून निघून गेलं, "घातली न, मावशी."

शांताबाईंनी थैली मागून घेतली, छातीशी धरली, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं परत दिली. एवढंच झालं. परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळूनही प्रेमलताबाईंनी बाहेर पाहिलं नाही. ज्या थैलीत दादारावांचं काहीच नव्हतं ती त्या म्हातारीला छातीशी धरू दिली, ही गोष्ट त्यांना जाळत होती. घरी गेल्यावर क्रूस थैलीत टाकायचा असं त्यांनी ठरवलं. घरी गेल्या आणि टाकला नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. एक पान कमी पडलं तर राखेत कोणाला कळणार आहे, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या.

मंगळवारी सकाळी त्यांनी थैली ओट्यावर उन्हात टांगली, पानं कडक वाळावीत म्हणून. संध्याकाळी जाळायची, बुधवारी सकाळी फादर सायमन येणार. त्यांना स्वतःला बीपीच्या गोळ्या आणायला जायचं होतं. जाताना जयवंताला म्हणाल्या, "थैलीवर नजर ठेवजो वं. देवाचं हाये. केरात गेलं नाई पायजे."

आता यात चुकीचं काय सांगितलं? काही नाही. पण सांगितलं कोणाला, तर जयवंताला. आणि दोनच दिवसांपूर्वी महाशिवरात्र झालेली.

प्रेमलताबाई परत आल्या तेव्हा थैली दोरीवर होती. धुऊन, पिळून, उलटी करून वाळत घातलेली. खाली पाणी ठिबकत होतं.

"जयवंता, याच्यातलं कुठी गेलं?"

जयवंता पदराला हात पुसत बाहेर आली. चेहऱ्यावर एखादं पुण्य केल्याचं समाधान. "झालं बाई तुमचं काम. मी महादेवाचं बेल-फूल घेऊन नदीवर चालली होती, म्हटलं नर्सबाईच्या गुडघ्याले तरास, थ्या कुठी जातीन. सुकलेलं देवाचं घरात ठेवत नाई, कटकट लागते. तुमचं बी नेलं. चांगलं धारेत सोडलं, हात जोडले, दोन अगरबत्त्या बी लावल्या."

प्रेमलताबाई ओट्यावर बसल्या.

या गावात देवाची वस्तू केरात टाकत नाहीत, पायदळी येऊ देत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. जयवंतानं जे केलं ते भक्तीनं केलं, आणि आपल्या देवाचं करते तेवढ्याच निगुतीनं शेजारणीच्या देवाचंही केलं. रागवायला जागाच नव्हती. रागवायला जागा नसली की माणसाला जास्त त्रास होतो.

"काय झालं, नर्सबाई? चुकलं का माह्यं?"

प्रेमलताबाईंनी सांगितलं. ती पानं सोडायची नव्हती, जाळायची होती. उद्या कपाळाला लावायला राख त्याचीच. जयवंताचा चेहरा उतरत उतरत इतका उतरला की प्रेमलताबाईंनाच तिची दया आली. पुढच्या मिनिटाला दोघी नदीवर निघाल्या, गुडघ्याचा त्रास वगैरे बाजूला ठेवून. फेब्रुवारीत जाम नदीला असं काय पाणी असतं? पण जिथे होतं तिथे जयवंतानं शोधून, खास धारेत सोडलं होतं. खाली दगडांत बेलाची पानं अडकलेली दिसली, झेंडूची फुलं दिसली. शिंदीची दोन पाती काठाला लागली होती, ती एक बकरी शांतपणे चावत उभी होती. जयवंतानं तिला दगड उचलून दाखवला तेव्हा तिनं उरलेलंही गिळलं.

"बाटलं का आता?" जयवंतानं हळूच विचारलं. तिला बकरीची काळजी की पानाची, ते कळलं नाही. आणि अशा वेळी येऊ नये ते हसू प्रेमलताबाईंना आलं.

घरी येईपर्यंत हसू ओसरलं. कुठून आणायची आता पानं? प्रत्येक घरानं होतं तेवढं सगळं दिलेलं. नाल्यावरून ताजी शिंदी तोडता आली असती, पण तिच्यावर आशीर्वाद नाही, ती वर्षभर कोणाच्या घरी राहिलेली नाही. ती नुसती पानं. फादरांना फोन करून सांगावं? फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. दादाराव गेल्यावर पहिल्याच वर्षी पांढुर्ण्याची राख हुकली, हे त्यांच्या बायकोनं कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणि मग, खरं सांगायचं तर नदीवरच, बकरीकडे पाहताना, त्यांना आठवलं होतं ते पुन्हा आठवलं. पांढुर्णा, सौसर, तिगाव, सगळीकडचं धरून आशीर्वाद दिलेलं शिंदीचं पान आता जगात एकच उरलं होतं. ते त्यांच्या पेटीत होतं.

चूल नसली तरी जुनी लोखंडी कढई घरात होती. दादाराव राख तिच्यातच करत. ऊन कलल्यावर प्रेमलताबाईंनी ती ओट्यावर आणली, खाली चार काटक्या रचल्या. जयवंता भाकरी-भाजीचं ताट झाकून घेऊन आली होती. अपराध्याला ताट आणण्यापलीकडे काही सुचत नाही. ती बाजूला बसून राहिली. प्रेमलताबाई आत गेल्या, कुलूप उघडलं, शालू उलगडला. क्रूस घेऊन बाहेर आल्या.

जयवंतानं तो लगेच ओळखला. ह्याच ओट्यावर तो घडताना तिनं पाहिला होता. "हे तं भाऊजीनं केलेलं होय," ती म्हणाली. "नर्सबाई, नका जाळू. मी सांगतो तुमच्या फादरले, माह्यी चूक हाये. वाटल्यास पाया पडतो त्याईच्या."

"तुह्यी चूक नाई, जयवंता. चूक माह्यी हाये. हे शनिवारीच थैलीत टाकाले पायजे होतं. मी लपवून ठेवलं, आन् टाकलं म्हणून सांगतलं."

जयवंतानं जरा विचार केला. "पण टाकलं असतं तं हे बी नदीतच गेलं असतं न?"

लपवलं म्हणून वाचलं, हे तर खरंच होतं. पण हे वाचणं आता जाळण्यासाठीच होतं. देवाच्या हिशेबात आपण कधी कुठे बसतो ते बसणाऱ्याला कळत नाही, असं दादाराव म्हणायचे, आणि मग चहा मागायचे.

काटक्या पेटल्या. कढई तापली. प्रेमलताबाई क्रूस हातात धरून बसल्या, आणि हात पुढे जाईना. आयुष्यभर इतक्या माणसांचे डोळे त्यांनी मिटले, इतक्यांवर चादर ओढली. दादारावांवरही त्यांनीच ओढली. तेव्हा हात थांबला नव्हता. तेव्हा अजून काही उरतंय असं वाटत होतं म्हणून थांबला नसेल. आता हे गेलं की काही उरत नाही.

जयवंतानं आपला तळहात त्यांच्या पाठीवर ठेवला, एवढंच.

मग प्रेमलताबाईंनी दुसऱ्या हातानं माळ काढली. मणी धरला. सवयीनं गप्प राहिल्या. आणि त्या गप्पपणात त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं, की तिथे कोणी बोलत नाहीये. इतके महिने त्या एका रिकाम्या जागेला सांभाळत बसल्या होत्या. दादारावांना ती जागा नको होती. त्यांना प्रार्थना पूर्ण झालेली हवी असायची. उलट ह्या पेंगल्या तर ते कोपर मारून जागं करायचे.

त्यांनी पहिला भाग म्हटला. आवाज फाटला, पण म्हटला. मग दुसरा म्हटला. दोन्ही भाग एकाच तोंडातून निघालेले ऐकून त्यांना चमत्कारिक वाटलं, पण वाईट वाटलं नाही. तिसऱ्या मण्याला त्यांनी क्रूस कढईत ठेवला आणि वर झाकण घातलं. आच कमी ठेवली. वास आला, सुकलेल्या गवताचा. रडू आलं ते त्यांनी येऊ दिलं.

जयवंता म्हणाली, "आज मधात थांबल्या नाई तुम्ही."

"नाई थांबली," प्रेमलताबाई म्हणाल्या.

राख काळी, मऊ झाली. चमच्याच्या पाठीनं रगडून, मलमलीतून गाळून त्यांनी ती कुंकवाच्या डबीएवढ्या स्टीलच्या डबीत भरली. डबी अर्धीही भरली नाही. इतक्या कपाळांना पुरणार का, ही नवी काळजी घेऊन त्या झोपल्या; पण झोप लागली, आणि बऱ्याच दिवसांनी शांत लागली.

बुधवारी सकाळी प्रार्थनाघरात सगळे जमले. कामावर जाणाऱ्यांची घाई होती. फादर सायमन मोटारसायकलवरून उतरले, हेल्मेट काढलं, खांद्यावरची बॅग उघडली आणि तिच्यातून एक डबा काढून टेबलावर ठेवला. झाकण उघडलं. आत राख. काळी, बारीक, काठोकाठ.

प्रेमलताबाई आपली डबी हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.

"दादाराव नाहीत, म्हटलं या वर्षी तुमच्या मागे हे काम कुठे लावायचं," फादर म्हणाले. "म्हणून तिकडच्या चर्चमधूनच घेऊन आलो. तुम्हाला फोन करून सांगायचं राहूनच गेलं."

राहूनच गेलं. प्रेमलताबाईंच्या डोक्यात एक सणक गेली. काल दुपारी एक फोन आला असता, तर तो क्रूस आत्ता पेटीत असता. शालूच्या घडीत, गाठीसकट, मुडपलेल्या टोकांसकट. फादर झाले म्हणून काय झालं, माणसानं वेळेवर फोन करू नये? त्या तोंड उघडणार तोच त्यांच्या लक्षात आलं, की आपण चिडायचं म्हणून चिडतोय. क्रूस परत हवा आहे का, असं त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. नर्स दुखरी जागा दाबून पाहते तसं दाबून पाहिलं. दुखलं नाही. फोन आला असता तर तो क्रूस पेटीत असता, खोटं पोटात असतं, आणि आज संध्याकाळी त्या पुन्हा अर्धीच माळ म्हणायला बसल्या असत्या. बरं झालं नाही आला, असं वाटून त्यांना हलकं वाटलं, आणि त्यांनी आपली डबी टेबलावर फादरांच्या डब्याशेजारी ठेवली.

"हे काय?" फादरांनी विचारलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं; पेटी, शांताबाईंशी बोललेलं खोटं, जयवंता, नदी, बकरीसुद्धा. बकरीपाशी येताच फादर हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. मग त्यांनी आपल्या डब्याला झाकण लावलं, डबा बॅगेत ठेवला आणि बॅगेची चेन ओढली.

"पांढुर्ण्याची राख पांढुर्ण्याचीच," ते म्हणाले. "आणि सौसरला तुम्हीच न्या. दादाराव नेत होते तशी. तिथे काय सांगायचं ते तुम्हाला माहीत आहे."

राख कमी होती, पण फादरांनी अंगठा बेतानं टेकवला. एकेक जण पुढे आला. वामन आला, त्याची बायको आली, मास्तर आले, कडेवरची पोरं आली. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जायचा आहे, हे दर वर्षीचे शब्द फादर प्रत्येकाला सांगत गेले. प्रेमलताबाई प्रत्येक कपाळाकडे पाहत होत्या. ह्या सगळ्या कपाळांसाठी दादारावांनी वर्षानुवर्षं राख केली, आणि आज ते स्वतःच्या हातच्या शेवटच्या कामानिशी एकेका कपाळावर बसत होते. पेटीत ते एकट्या प्रेमलताबाईंचे होते. इथे सगळ्यांचे झाले, आणि तरी त्यांच्यासाठी कमी झाले नाहीत.

शेवटी फादर त्यांच्यासमोर आले, त्यांच्या कपाळाला राख लावली आणि मग स्वतःच मान खाली केली. फादरांच्या कपाळाला राख दर वर्षी दादाराव लावायचे. इथे दुसरं कोण लावणार? प्रेमलताबाईंनी अंगठा राखेत बुडवला. आयुष्यभर त्यांच्या वाट्याला उत्तर देणंच होतं. आज सुरुवात त्यांची होती. त्यांनी फादरांच्या कपाळावर क्रूस काढला आणि तेच शब्द स्वतः म्हटले, सावकाश, एकही न गाळता.

घरी आल्या तेव्हा जयवंता ओट्यावर वाट पाहत होती. त्यांच्या कपाळाकडे तिनं निरखून पाहिलं. "पुरली का?"

"पुरली. उरली बी."

जयवंतानं सुस्कारा टाकला तो चार घरं ऐकू गेला असेल. "आता पुढच्या टाइमले हिरवी पानं तोडाले मी येतो तुमच्यासंग," ती म्हणाली. "नाल्यावर काटे लय असते. आन् थैलीले आता मी हात लावत नाई, सांगून ठेवतो."

दुपारच्या बसनं प्रेमलताबाई सौसरला गेल्या. आज खिडकीतून बाहेर पाहिलं. संत्र्याच्या बागा बहरल्या होत्या, वास बसमध्ये येत होता. शांताबाई जाग्याच होत्या. प्रेमलताबाईंनी खाटेच्या कडेला बसून, डबी मांडीवर ठेवून, आधी बोलायचं ते बोलून टाकलं.

"मावशी, शनिवारी मी तुमच्याशी खोटं बोलली. थैलीत त्याईची झावळी नोयती. मी घरात लपवली होती. माह्यानं सुटतच नोयती."

शांताबाई भिंतीकडे पाहत राहिल्या. प्रेमलताबाईंना वाटलं, म्हातारी दुखावली. आणि दुखावायचा तिला हक्क होता.

"मंग?" तिकडेच पाहत शांताबाई म्हणाल्या. "हे राख कोणती होय?"

"हे त्याईचीच होय, मावशी. बाकीच्या साऱ्याईची नदीत गेली. हे निस्ती त्याईच्या एकट्याच्या हातची हाये."

शांताबाईंनी मान वळवली. डबीत वाकून पाहिलं. तळाला थोडीशी राख उरली होती, कडेला चिकटलेली. त्यांनी कपाळावरचे पांढरे केस स्वतःच्या हातानं मागे सारले.

"मंग मले जराशी जास्त लाव," त्या म्हणाल्या.

प्रेमलताबाईंनी डबी बोटानं पुसून काढली, पार तळापर्यंत, आणि सगळी लावली.